थेअरसाहेबाची सिंफनी

"उठा, उजागरे सर आलेत," एस्तेर म्हणाली.

"झोपलेत म्हणून सांग."

"दारातच उभे आहेत. तुमचे उघडे डोळे दिसतायत त्यांना."

मी पंख्याकडे बघत पडलो होतो. त्या वर्षी माझा तोच उद्योग होता. उठलो, बनियनवर शर्ट चढवला. सर आत आले आणि काखेतलं, उशीच्या अभ्र्यात बांधलेलं गाठोडं त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. मिशनच्या शाळेत आम्हाला गाणं त्यांनीच शिकवलं, आणि आमच्या चर्चचा गायनवृंद तर माझ्या जन्माआधीपासून त्यांच्या हातात होता.

"चहा टाकू ना सर?" एस्तेरने विचारलं.

"हो, बरा आहे आता गुडघा," सर म्हणाले.

एस्तेरने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. म्हातारपणी लक्ष असतं कुठे माणसाचं, असं आम्हाला वाटलं.

सरांनी गाठ सोडली. आत पिवळे पडलेले कागद, कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि त्यावर शाईने लिहिलेलं पाश्चात्त्य नोटेशन. अक्षर मात्र असं रेखीव की मी झक मारत चष्मा शोधला.

"कुणाचं हे?"

"इलायजा थेअर. अमेरिकन माणूस. मॅसॅच्युसेट्समधल्या कुठल्याशा खेड्यात बुटांचं दुकान चालवायचा आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. त्याची बहीण मिशनऱ्याची बायको होऊन इथं नगरला आली, तिच्या ट्रंकेतून हे आलं. परसोनेजच्या, म्हणजे पाळकांच्या बंगल्याच्या, माळ्यावर पडून होतं. शमू, सिंफनी आहे रे ही! अख्खी, चार भागांची. शंभरावर वर्षं झाली लिहून."

"तिकडे वाजली असेल की."

"एकदाही नाही. मी त्याच्या घराण्यातल्या बाईंना पत्र घालून विचारलं. त्या काळी अमेरिकेत जर्मनीहून येईल तेच संगीत. आपल्याच गावच्या बूटवाल्याने सिंफनी लिहिली तर कोण विचारतो? दोनचार शहरांत वाद्यवृंद होते, त्यांनी न उघडता परत पाठवली. असे बरेच होते म्हणे तिकडे. लिहीत राहिले आणि मरून गेले."

"मग आता आपण काय करायचं?"

"वाजवायची! ऑक्टोबरात चर्चला दीडशे वर्षं होतायत, त्या कार्यक्रमात."

मी हसलो. खरं सांगायचं तर कुत्सितच हसलो. नगरमध्ये सिंफनी! व्हायोलिनवर मिशन हॉस्पिटलच्या नर्सबाया, ज्या मडमबाईंकडे लहानपणी चार धडे शिकलेल्या. चेलोवर साळवे कंपाउंडर. बासरीला बँकेतला एक कॅशियर. आणि क्लॅरनेट, हॉर्न वगैरे फुंकायची वाद्यं म्हणाल तर पोलीस बँडातून उसनी आणायची.

"सर, मी दमलोय हो," मी म्हणालो. "मला नका ओढू यात."

हे त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ते कागद लावत बसले होते.

दमलो होतो हे काही नाटक नव्हतं. मी मुंबईत स्टुडिओत व्हायोला वाजवायचो, उभं आयुष्य. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. दिसायला तसाच, पण अंगाने मोठा आणि आवाजाने घोगरा. माझे हात लांब म्हणून शाळेत सरांनी व्हायोलिन काढून घेऊन तो माझ्या हाती दिला, तो कायमचा. सिनेमाच्या गाण्यात चाल व्हायोलिनला मिळते, खालचा भार चेलोवर असतो, आणि मधली भर आमची. आम्ही नसलो तर गाणं पोकळ वाटतं आणि असलो तर कुणाच्या लक्षात येत नाही. हजारो गाण्यांत आहे मी. एस्तेर रेडिओ लावून विचारायची, यात तुम्ही कुठे? मी सांगायचो, अगं तो मागे आवाज येतोय ना. ती बिचारी कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, हां, हां, आला. कसला येतोय!

मग कीबोर्ड आले. एक पोरगा येऊन बसायचा, बटण दाबायचा, आणि चाळीस व्हायोलिनं एकदम वाजायची. कुणी आम्हाला काढलं नाही. काढतात तेव्हा निदान भांडता तरी येतं. फक्त घरचा फोन वाजायचा थांबला. मग मुंबईची खोली सोडून नगरला आलो. एस्तेरला मिशन हॉस्पिटलात नोकरी मिळाली, तिच्यावर घर चाललं, आणि मी पंखा बघू लागलो.

सरांनी तेवढ्यात एक मोठा ताव माझ्यापुढे पसरला. सगळ्या वाद्यांचे सुटे कागद बघून त्यांनी एकाखाली एक ओळी मांडत सिंफनीचं पूर्ण नोटेशन तयार केलं होतं. उन्हाळाभर तेच करत होते म्हणे. वर बासरी, क्लॅरनेट, हॉर्न. खाली पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, मग एक कोरी ओळ, मग चेलो.

"ही कोरी का?"

"व्हायोला. त्याचे कागद गाठोड्यात नाहीत. वाळवीने खाल्ले असणार. पोकळी बघ केवढी राहिलीय मधे." सरांनी कोऱ्या ओळीवर बोट टेकवलं. "ही तू भरायचीस."

"मी? मी लिहिलेलं वाजवतो सर. लिहीत नाही."

"जन्मभर मधेच बसलास ना तू? मधे काय लागतं ते तुला नाही कळणार तर कुणाला? पत्रिकेत छापू आपण. व्हायोलाचा भाग, शमुवेल भांबळ. त्या थेअरबाई टेपरेकॉर्डर घेऊन येणार आहेत. अमेरिकेत जाईल हे, तुझ्या नावासकट."

रेकॉर्डच्या पाकिटावर गाणाऱ्याचं नाव असतं, लिहिणाऱ्याचं असतं, चाल लावणाऱ्याचं असतं. आमचं 'आणि साथीदार' असंसुद्धा कुणी कधी छापलं नाही. मी त्या कोऱ्या ओळीकडे बघत राहिलो. एस्तेरने चहा आणला, तो निवला.

"पेन्सिल आहे का गं घरात?" मी विचारलं.

त्या दिवसांत मी माणसात आलो असं एस्तेर सगळ्यांना सांगायची. सकाळी उठायचो, दाढी करायचो, व्हायोला खांद्यावर घेऊन एकेक ओळ वाजवून बघायचो आणि लिहायचो. खोडायचो, पुन्हा लिहायचो. क्लॅरनेटचे नि हॉर्नचे कागद मी चाळले, नाही असं नाही. लांबलांब स्वर, मधे मोठमोठ्या विश्रांती. नुसतं भरताड, व्हायोलाच्या मागे टेकू म्हणून दिलेलं असणार, असं मी ठरवून टाकलं. ज्याला जन्मभर लोकांनी भरताड म्हटलं, त्यानेच दुसऱ्याला ते म्हणायला काय वेळ लावला!

दुसरा भाग संथ होता. त्यात पहिल्या व्हायोलिनला एक चाल आहे, अगदी साधी, संध्याकाळी अंगणात बसून कुणी गुणगुणावी तशी. तिच्याखाली मी माझी स्वतःची एक चाल बांधली. ती वर जाईल तेव्हा मी खाली यायचं, ती थांबेल तेव्हा मी बोलायचं. पहिल्यांदा ती वाजवली तेव्हा एस्तेर भाजी चिरायची थांबली.

"हे तुमचं?"

"माझं."

"ऐकू येतंय हो," ती म्हणाली. त्याच दिवशी तिने मुंबईला भावाला पत्र टाकलं, की ऑक्टोबरात सगळ्यांनी यायचं, दाजींचा कार्यक्रम आहे.

तालमी शाळेच्या हॉलमध्ये व्हायच्या. आधी फक्त तंतुवाद्यं आणि बासरी, कारण पोलीस बँडाला गणपतीच्या बंदोबस्ताला लावलं होतं. क्लॅरनेट वाजवणारे हात मिरवणुकीत दोर धरून उभे! माझ्या व्हायोलाने मधली पोकळी अशी भरली की साळवे कंपाउंडर म्हणाला, "भांबळ, आता गादी भरल्यासारखं वाटतंय. आधी नुसती खाट होती." सर समोर उभे राहून इशाऱ्याची काठी हलवायचे. नर्सबायांचं कधी बेसूर झालं तरी रागवायचे नाहीत. आमच्या लहानपणी याच सरांनी एका बेसुरासाठी डस्टर फेकून मारलेला. सर निवळले, मी मनात म्हटलं.

एक मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. चर्चच्या कमिटीत सरांना बदलायची कुजबुज होती. पुण्याहून शिकून आलेला एक तरुण होता, घरचा कीबोर्डही होता त्याच्याकडे. दीडशेवा वाढदिवस सरांच्या हातून होऊ दे, मग बघू, असं चाललं होतं.

विसर्जन झालं आणि पोलीस बँडातली माणसं आली. तुपे जमादार त्यांचे म्होरके. पोट सुटलेलं, मिशा पांढऱ्या, हातात क्लॅरनेट.

"साहेब, हे पावण्यांचं गाणं आम्हाला जमंल ना?" त्यांनी मला विचारलं.

"सोपं आहे. लांब स्वर धरायचे. बाकी आम्ही आहोत."

पहिला भाग सुरू झाला आणि सगळा चिखल झाला. जाड, गढूळ, काही वेगळं म्हणून ऐकू येईना. मला वाटलं, मैदानात वाजवायची सवय, हॉलमध्ये फुंकतायत. "जमादार, हळू!" मी ओरडलो. त्यांनी हळू केलं. तरी तेच. दुसऱ्या भागात माझी चाल सुरू झाली तेव्हा तर माझा मलाच सूर सापडेना. मी तणतणलो. "अहो, हा संथ भाग आहे, लेझीम नाही!"

तुपे जमादारांनी क्लॅरनेट खाली घेतलं. "साहेब, कागदावर आहे तेवढंच वाजवतोय. चुकत असंल तर दाखवा."

मी उठून त्यांचा कागद पाहिला. चुकत नव्हते. म्हणून म्हटलं, एकदा तुम्ही सगळे वाजवा, मी नुसता ऐकतो, कुठे अडतंय ते बघू. आणि बो, म्हणजे व्हायोलाचा गज, मांडीवर ठेवला.

व्हायोला वाजवताना तो कानाखाली असतो. वाजवणाऱ्याला आधी स्वतःचंच ऐकू येतं. मी थांबलो आणि पहिल्यांदा ती सिंफनी ऐकली.

चिखल कुठेच नव्हता. पहिल्या व्हायोलिनने ती अंगणातली चाल घेतली, आणि खालून तुप्यांच्या क्लॅरनेटने दोनच स्वर धरले. एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. त्यांच्याखाली हॉर्न, जेमतेम ऐकू येणारा. मग सगळेच थांबायचे आणि चाल एकटी उरायची. त्या थांबण्यातच सगळी गंमत होती. मी नेमका तिथेच माझी चाल घालून बसलो होतो. पोकळी नव्हतीच कुठे. क्लॅरनेट नि हॉर्न गैरहजर असताना आम्ही तालमी केल्या, म्हणून ती दिसली. वाळवीने काही खाल्लं नव्हतं. बूटवाल्याच्या त्या खेड्यात व्हायोला वाजवणारा कुणी नसणार, म्हणून त्याने व्हायोला लिहिलाच नाही. होते त्या माणसांत त्याने काम भागवलं होतं, आणि काय भागवलं होतं!

आणि मी मुंबईहून शिकून आलेला, वाद्यवृंद म्हटलं की व्हायोला असणारच, असं धरून बसलेला.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार मनात आला तो हाच, की कुणाला कळलेलं नाही. नर्सबायांना नाही, कंपाउंडरला नाही. पत्रिका छापून झाल्या होत्या. एस्तेरच्या भावाने तिकिटं काढली होती. दुसरा विचार आला तो सरांचा. सर समोरच उभे होते. आधीचं आणि आत्ताचं, दोन्ही त्यांनी ऐकलं होतं. ते काहीच कसे बोलले नाहीत?

"छान!" सर म्हणाले. "शमू, तुझा व्हायोला आज छान लागला."

मी वाजवलाच नव्हता.

सगळे गेल्यावर मी हॉलचं दार लोटलं. सर कागद गोळा करत होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी मागून हाक मारली. "सर." मग जरा मोठ्याने. "सर!" कागद गोळा करणं चालूच. मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो तेव्हा ते दचकले.

"कधीपासून?" मी विचारलं. ओठ नीट हलवून विचारलं.

त्यांनी आधी समजलं नाही असं दाखवलं. मग बाकावर बसले. "दोन वर्षं झाली असतील. डावा गेलाच आहे. उजव्यात आवाज येतो, सूर येत नाही."

"मग तालमी कशा घेता?"

"कागद वाचतो ना मी. मनात वाजतं. तुमचे हात बरोबर चाललेत की नाही ते बघतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालं? कुठे चुकतंय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, कोरी ओळ कोरीच असायला हवी हे सांगितलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी तो मोठा ताव उघडला आणि दुसऱ्या भागाच्या पानावर क्लॅरनेटच्या ओळीवरून बोट फिरवत गेले.

"उन्हाळाभर हे माझ्या डोळ्यासमोर होतं," ते म्हणाले. "ऐकू येत असतं तर पहिल्या तालमीलाच कळलं असतं रे. तुला कामाला लावलं मी. केवढं लिहिलंस तू."

"त्याचं जाऊ द्या."

"नाही जाऊ द्यायचं! तू वाजव. हळू वाजव. थेअरसाहेब काही उठून यायचे नाहीत. तुझं नाव एकदा तरी येऊ दे."

मला रडूच आलं, पण रागाने. "सर, त्या माणसाची एकदा वाजणार आहे ती. आयुष्यात आणि मेल्यानंतरही पहिल्यांदा. त्यात मी मधे घोगऱ्या आवाजात बडबडत बसू?"

सरांनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. मग काठी माझ्यापुढे धरली. "तर मग हे तू कर. मी उभा राहून आता काय उपयोग? मला दिसतं, पण ऐकू येत नाही. सगळ्यांसमोर सांगतो मी, की शमुवेल भांबळ घेणार."

मी काठी घेतली. हो, घेतली मी हातात. हलकी होती. साथीदार म्हणून गेलेला जन्म, आणि शेवटी सगळ्यांपुढे उभं राहणं. एस्तेर समोर बसलेली असेल. पाकिटावर नाव मधे नाही, वर असेल. कितीतरी वेळ ती काठी माझ्या हातात होती.

"कमिटीला काय सांगाल?" मी विचारलं.

ते काय सांगणार? ऐकू येत नाही म्हटलं की दुसऱ्या रविवारी कीबोर्डवाला पोरगा बसणार, आणि सर घरी. म्हणजे घरी पंखा बघत. ते कसं असतं ते नगरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मी काठी त्यांच्या हातात दिली.

"मी व्हायोलाच्या खुर्चीतच बसतो," मी म्हणालो. "ती बरोबर तुमच्यासमोर आहे. वाजवणार नाही. ऐकतो. तुम्ही माझ्याकडे बघा. व्हायोलिन जास्त झालं तर हात खाली करीन. धावले तर मान मागे घेईन. ठीक असलं तर बघत राहीन नुसता."

"सगळ्यांदेखत नुसता बसशील?"

"त्याशिवाय ऐकू कसं येणार? वाजवायला लागलो की मला माझंच ऐकू येतं."

"एस्तेरला तरी सांग."

"नाही. तिला सांगितलं की हॉस्पिटलला कळलं, आणि हॉस्पिटलला कळलं की चर्चला."

सर जाऊन आता वर्षं लोटली, म्हणून सांगतोय. तोवर कुणाला बोललो नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी चर्च भरलं होतं. थेअरबाई पहिल्या बाकावर, पायाशी टेपरेकॉर्डर. दुसऱ्या बाकावर एस्तेर हिरव्या साडीत, शेजारी सुमंत, म्हणजे तिचा भाऊ, आणि त्याची बायको-पोरं. पाळकसाहेबांनी पत्रिका डोळ्यांसमोर धरून वाचलं. "आणि मंडळी, या सिंफनीतला व्हायोलाचा भाग काळाच्या ओघात नष्ट झाला होता. तो नव्याने लिहिणारे आपले नगरचेच सुपुत्र, शमुवेल भांबळ!"

टाळ्या वाजल्या. उठून उभं राहावं लागलं मला. हात जोडले. एस्तेर टाळ्या वाजवताना रडत होती, सुमंत तोंडात बोटं घालून शिटी मारायला निघाला होता, बायकोने त्याचा हात धरला. उभ्या जन्मातल्या माझ्या त्या एवढ्याच टाळ्या.

मी बसलो. व्हायोला मांडीवर ठेवला. सरांनी काठी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं.

कार्यक्रमाबद्दल फार काय सांगू. पहिल्या भागात नर्सबाया धावल्या, मी मान मागे घेतली, सरांनी आवरलं. तिसऱ्यात चेलो अडखळला, तो सावरेपर्यंत माझा हात खाली होता. दुसऱ्या भागात मला काहीच करावं लागलं नाही. चाल वर गेली, तुप्यांचे दोन स्वर आले, मग सगळे थांबले. सर माझ्याकडे टक लावून बघत होते आणि मी त्यांच्याकडे. त्यांच्या मनात कागदावरची वाजत असेल आणि माझ्या कानात समोरची. एवढं चांगलं संगीत मी आजवर कधी ऐकलं नव्हतं, कारण मी नेहमी वाजवत होतो. बाकांवरची कुजबुज ऐकू येत होती. भांबळ का वाजवत नाही? विसरला काय? एक पोरगं खुदकन हसलं. एस्तेरकडे बघायची हिंमत झाली नाही.

संपल्यावर लोक उभे राहिले. थेअरबाईंनी सरांचे दोन्ही हात धरले. सरांनी त्यांना इंग्रजीत सांगितलं, की तुमच्या खापरपणजोबांनी व्हायोला लिहिलाच नव्हता, आम्हाला नंतर कळलं, पत्रिकेत चूक आहे. बाई 'ओह' म्हणाल्या आणि टेपच्या डबीवर आधीच लिहून ठेवलेलं माझं नाव त्यांनी पेनाने खोडलं. नीट, दोन रेघा मारून. मग माझ्याकडे बघून गोड हसल्या.

रिक्षात सुमंत म्हणाला, "दाजी, पेट्रोल संपलं होतं काय?" कुणी हसलं नाही. तो बायको-पोरं नि सामान घेऊन त्याच्या सासुरवाडीला उतरला. आम्ही दोघं घरी आलो.

एस्तेरने साडीही बदलली नाही. खुर्चीत बसली. "अहो, तुमचं नाव घेतलं," ती म्हणाली. "सगळ्या चर्चने टाळ्या वाजवल्या. आणि तुम्ही दगडासारखे बसलात. मला शेजारची पाटोळीण विचारते, तब्येत बरी नाही का त्यांची? काय सांगू मी तिला? तुमची ती चाल सहा आठवडे ऐकली मी या घरात. एकदा, एकदा तरी लोकांना ऐकू येऊ द्यायची होती हो मला!"

सांगून टाकावं असं फार वाटलं. पण व्हायोला नकोच होता म्हटलं, तर मग तिथे बसलात कशाला, हे ती विचारणारच. सर डोळ्यांसमोर आले, माझ्या ओठांकडे बघणारे.

"हात धरला होता," मी म्हणालो. "बो उचलेना."

ती एकदम उठली. तिचा राग असा जातो, नर्स आहे ना. "आधी नाही सांगायचं? वेडे आहात का तुम्ही? एवढे दिवस रोज वाजवत होता, धरणारच. कुठला, उजवा?"

तिने माझी बाही वर केली, तेल कोमट करून आणलं, आणि त्या धडधाकट हाताला खांद्यापासून खाली चोळायला लागली. मी चोळू दिलं. जोर होता तिच्या बोटांत. कोपराजवळ आली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते थांबेना.

"इथे दुखतंय का?"

"हो."

"फार?"

"फार गं," मी म्हणालो. तिने आणखी तेल घेतलं आणि तिथेच चोळत राहिली.